सगळ्यांची जेवणं होऊ दे

त्या रिसॉर्टच्या जेवणघरात एक माणूस जेवून उठला की समोरची भिंत थोडी मागे सरकायची आणि मोकळ्या झालेल्या जागेत दोन नवी माणसं जेवायला बसायची. आम्ही आलो तेव्हा चार-सहा टेबलं होती आणि खिडकीतून समुद्र दिसत होता. मग खिडकी कुठल्या कुठे गेली. शेवटच्या टेबलावरच्या लोकांची डोकी मोहरीएवढी दिसायला लागली, पण त्यांच्या चमच्यांचा आवाज मात्र थेट कानाशी यायचा. याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. जेवण दिवसभर चालू असायचं आणि सगळं पॅकेजमध्येच धरलेलं होतं.

तक्रार माझी होती. माझी आई आल्यापासून जेवलेली नव्हती.

आई मिरजेची. आमच्याकडे न्यू जर्सीला पहिल्यांदाच आली होती, म्हणून मी मोठ्या हौसेने सगळ्यांना या कॅरिबियन बेटावर आणलं. आई, माझा नवरा उन्मेष, लेक जाई आणि मी. आईला आयुष्यात एकदा तरी आयतं ताट मिळावं, एवढीच माझी इच्छा. मिरजेच्या घरी ती आधी आजोबांना वाढायची, मग बाबांना, काकांना, मग आम्हा पोरांना, मग कोण आलंगेलं असेल त्याला. सगळे उठले की ओट्याला टेकून, पातेलं पुसून, उरलंसुरलं खायची. तिला पानावर बसून जेवताना मी कधी पाहिलेलंच नाही. इथे तरी बसेल असं वाटलं होतं. कसलं काय!

पहिल्याच दुपारी ती बुफेच्या टेबलामागे गेली, मोठा चमचा उचलला आणि राजमा घातलेला भात लोकांना वाढायला लागली. लोकांना ती रिसॉर्टचीच वाटली. 'मम्मा, मम्मा' करत त्यांनी ताटल्या पुढे केल्या.

"आई, ठेव तो चमचा आणि बस," मी म्हणाले.

"अगं, होऊ दे की सगळ्यांची जेवणं. मला काय घाई आहे?"

"इथे सगळ्यांची कधी होतच नाहीत."

"असं कसं? माणसंच आहेत ना, पोट भरलं की उठतील."

तेवढ्यात एक जाडजूड गृहस्थ उठले. भिंत सरकली, दोन बायका येऊन बसल्या. आई त्यांच्याकडे वळली आणि हसून म्हणाली, "वाढू?" तिला इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांना मराठी, पण त्यांनी ताटल्या पुढे केल्याच.

मग वाळूत आईच्या पावलांचे ठसे उमटेनासे झाले. मग ती दिव्यासमोर उभी राहिली की तिच्यातून दिवा दिसायला लागला. समोरून पाहिलं तर आई होती तशी होती, हिरवं नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण. कडेने पाहिलं तर काहीच नाही. झोपताना ती आपली आपणच घडी घालायला लागली, म्हणजे पंख्याने उडायला नको. सकाळी मी ती घडी उलगडायचे आणि हलकेच झटकायचे.

"बरं झालं बाई," ती म्हणायची. "गुडघे दुखायचे थांबले."

मी उन्मेषला सांगायला गेले. तो तरणतलावात कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. हातात अननस खोवलेला पेला. आल्यापासून तो पाण्याबाहेर आलाच नव्हता.

"अगं, भूक लागली की खातील," तो म्हणाला.

"उन्मेष, आई पांघरुणाएवढी उरलीय."

"पण एन्जॉय करतायत ना त्या?"

त्याला तिथेच बुडवावं असं मला मनापासून वाटलं. पण तेवढा वेळ नव्हता.

मी एक ताट वाढून खोलीत नेलं. म्हटलं, इथे कोण आहे, इथे जेवेल. आईला पलंगावर बसवलं आणि ताटावरचं झाकण काढलं. पाठीमागे भिंत सरकल्याचा आवाज आला. पाहते तर आरशापाशी एक जर्मन जोडपं बसून कलिंगड खातंय. मी ताट उचलून बाल्कनीत गेले, तर तिथे कॉलेजची चार मुलं. न्हाणीघरात गेले, तर टबाच्या काठावर एक आजी सूप पीत होत्या. त्यांनी मला 'गुड मॉर्निंग' म्हटलं.

"अगं बाई, सूप संपलं वाटतं यांचं," आई म्हणाली आणि चमचा घेऊन निघाली.

त्याच दिवशी तिच्या मनगटावरची पट्टी गळून पडली. पाहुण्यांना दारातच बांधतात ती, नारिंगी. मनगट इतकं बारीक झालं होतं की पट्टी कधी पडली ते तिलाही कळलं नाही. मला कळलं ते दुसऱ्या सकाळी. खोलीत आई नव्हती, बुफेशी नव्हती, बागेत नव्हती. मी अख्खं रिसॉर्ट पालथं घातलं. शेवटी ती सापडली तलावाशेजारच्या टॉवेलांच्या मांडणीत. दोन निळ्या टॉवेलांच्या मधे, नीट घडी घातलेली.

टॉवेल देणाऱ्या माणसाच्या खिशावर डेलरॉय असं नाव होतं.

"ही माझी आई आहे," मी म्हणाले.

"पट्टी दाखवा."

"गळून पडली."

"मग टॉवेल आहे, मॅडम. संध्याकाळी सगळे टॉवेल धुवायला जातात. उकळत्या पाण्यात."

"तिला टॉवेल म्हणायचं नाही. सांगून ठेवते."

"तुम्हाला हवा असेल तर घेऊन जा," तो शांतपणे म्हणाला. "संध्याकाळी मी गाडी घेऊन फिरतो. तेव्हा परत करा."

घडीतून आईचा आवाज आला. "त्याच्यावर कशाला चिडतेस गं? जेवलाय का तो, विचार."

मी आईला मांडणीतून ओढून काढलं. भीती वाटत होती आणि त्याहून जास्त राग येत होता. डेलरॉयचा नाही, आईचाही नाही. त्या चमच्याचा, आजोबांचा, काकांचा, जेवताना कधी मान वर करून न पाहिलेल्या माझा स्वतःचा. मी आईला काखेत मारलं आणि ठरवलं, आज संध्याकाळच्या आत ही जेवणार. मग इकडचं जग तिकडे झालं तरी बेहत्तर.

त्या जेवणघरात जो तो आपल्या मनाने बसत होता आणि आपल्या मनाने उठत होता, म्हणून जेवणं संपत नव्हती. मला पंगत हवी होती. पंगतीत सगळे एकदम बसतात आणि सगळे एकदम उठतात. मधेच कुणी उठत नाही. शेजारच्याचं पान अर्धं असताना उठायला माणसाला लाज वाटते.

तलावापाशी नाच शिकवणाऱ्या मुलीच्या हातातून मी माइक घेतला. घेतला म्हणजे हिसकावलाच. "आजची ॲक्टिव्हिटी," मी ओरडले. "सगळ्यांनी आपापली ताटली घेऊन किनाऱ्यावर या. एका ओळीत मांडी घालून बसा. मी सांगेपर्यंत कुणीही उठायचं नाही."

लोक हौसेने आले. सुट्टीवरची माणसं, त्यांना काहीही सांगा. जेवणघरातून ती येतच राहिली, येतच राहिली, आणि ओळ वाळूवरून पुढे पुढे सरकत गेली. काहींना मांडी घालता येईना, त्यांना मी खांद्याने दाबून बसवलं. एका म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थांनी हात वर केला.

"मला बाथरूमला जायचंय."

"धरून ठेवा," मी म्हणाले.

मी आत जाऊन पाहिलं. जेवणघर रिकामं होतं. भिंतीवर तळवा टेकला. ती आतून कापत होती, पण जागची हलली नाही.

मग मी आईला उलगडलं आणि झटकलं. पुढची ओळ पाहून तिचे डोळे चमकले. "बाई गं, केवढी मोठी पंगत! कुणाचं कार्य आहे?"

"तुझंच आहे. वाढ. पण एकदाच. सगळ्यांना वाढून झालं की तू बसायचंस. शब्द दे."

"बसेन की. सगळ्यांची झाली की मला कोण अडवतंय?"

वारा होता. आई उडेल म्हणून मी जाईला तिचा पदर धरून चालायला सांगितलं. जाई आल्यापासून फोनमध्ये डोकं घालून बसली होती, कुणाशी धड बोलत नव्हती. मला वाटलं नाही म्हणेल. पण तिने आजीकडे कडेने पाहिलं, काहीच दिसलं नाही, तेव्हा तिने फोन वाळूत टाकला आणि दोन्ही हातांनी पदर धरला.

भात, तळलेल्या केळ्यांचे काप, पपई. आई वाढत निघाली, जाई मागे. मी ओळीच्या पुढे धावत होते. "सावकाश होऊ द्या," मी प्रत्येकाला सांगत होते. "पोटभर जेवा, पण संपवा. उठायचं नाही." ओळ खडकांना वळसा घालून पलीकडे गेली. आई आणि जाई त्या वळणामागे दिसेनाशा झाल्या. मी माघारी फिरले, कारण पहिल्या पानाशी कुणीतरी उभं राहायला हवं होतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा ओळीचं दुसरं टोक उलट्या बाजूने येताना दिसलं. पंगतीने सगळ्या बेटाला फेरा घातला होता. शेवटचा पाहुणा पहिल्या पाहुण्याच्या जवळच येऊन बसला, आणि दोघांच्या मधे एका माणसापुरती जागा उरली. मी तिथे एक ताट ठेवलं आणि भरभरून वाढलं.

उन्मेष पहिल्यांदाच पाण्याबाहेर आला. अंगावरून पाणी निथळत होतं.

"मला जागा आहे का?"

"नाही."

"ही काय, रिकामी आहे ना."

"ही आईची आहे. तू पाण्यात जेव."

तो गेला. किनाऱ्यावर गाडीची चाकं करकरायला लागली. डेलरॉय खुर्च्यांवरचे टॉवेल उचलून गाडीत टाकत येत होता. त्याला घाई नव्हती.

मग शेवटच्या पानांकडून जाई पळत आली. आजीला तिने छातीशी घट्ट धरलं होतं, कारण आता नुसत्या पदराने भागत नव्हतं. तिने तिला माझ्यासमोर उभं केलं. आई इतकी विरळ झाली होती की हिरवा रंगसुद्धा जेमतेम उरला होता. चमचा मात्र हातात होता.

"सगळ्यांची झाली?" तिने विचारलं.

"झाली. बघ तूच."

तिने ओळीवरून नजर फिरवली. ताटल्या स्वच्छ होत्या. माणसं हात मांडीवर ठेवून बसली होती, कुणी काही मागत नव्हतं. आईने दुसऱ्यांदा पाहिलं. तिचा विश्वास बसेना.

"झाली की गं," ती हळूच म्हणाली. ती वाकली. तिने ताटासमोर एक गुडघा टेकला, आणि मग वर पाहिलं. "आणि तुझं?"

सकाळपासून माझ्या पोटात पाण्याचा घोटसुद्धा गेला नव्हता.

"तू बस आधी," मी म्हणाले. "मी मागाहून बसते."

ते मी म्हणाले खरी, पण आवाज माझा नव्हता. आईचाच होता, हुबेहूब. जाईने चमकून माझ्याकडे पाहिलं.

आई उठून उभी राहिली. "असं कसं? तू बस. मी वाढते."

"आई, बस म्हणतेय ना!"

"पोर उपाशी उभी आणि मी जेवू? घशाखाली उतरेल का माझ्या?"

ताट दोघींच्या मधे होतं. तिने एका बाजूने धरलं होतं, मी दुसऱ्या बाजूने. पंगतीतली माणसं बसून होती. मीच बजावलं होतं, म्हणून कुणी उठत नव्हतं. गाडी आमच्याशेजारी येऊन थांबली आणि डेलरॉयने हात पुढे केला.

"काय चाललंय तुमचं दोघींचं!" जाई कातावली. तिने आजीच्या हातातून चमचा ओढून घेतला. "तुम्ही बसा दोघी, एकदम बसा. मी वाढते. मी काय, नंतर—"

मी तिला ते वाक्य पुरं करू दिलं नाही. आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. भात कालवला, मोठा घास केला आणि तिच्या तोंडात कोंबला. "चाव," मी म्हणाले. "चाव आधी. गीळ."

जाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती चावायला लागली. आई तिच्याकडे एकटक बघत होती. लहान मुलाला भरवताना आपलंही तोंड उघडतं ना, तसं आईचं तोंड उघडलं. तिला ते कळलं नव्हतं. दुसरा घास माझ्या हातात तयार होता. तिच्या उघड्या तोंडातून पलीकडचा समुद्र दिसत होता, अगदी स्वच्छ, लांबवर एका होडीसकट. मी हात पुढे केला.