मधला पापुद्रा

चिकलठाण्याच्या शेडमध्ये फुगा चढला की बोलणं आपोआप थांबतं. फुगा म्हणजे फिल्मचा. खालच्या गोल डायच्या साच्यातून वितळलेलं प्लास्टिक नळीसारखं वर येतं, आत हवा भरते, आणि पत्र्यापर्यंत काचेचा खांब उभा राहिल्यासारखं होतं. तो खांब हलतो, फुलतो, दबतो. झोपलेल्या माणसाची छाती हलते तसा. वर दोन रुळांत जाऊन तो चपटा होतो आणि मुकाट्यानं गुंडाळला जातो. दुपारच्या उन्हात त्यावर जांभळे-हिरवे डाग पळतात. सुदर्शन इतकी वर्षं हे बघतोय, तरी मान वरच.

"मियाँ, मान एक दिवस अशीच अडकेल," रईसा म्हणते. "बरंय, दाढी करायला सोपं पडेल."

रईसा त्याची भागीदार. दोघं प्लास्टिकच्या कोर्सला एकत्र होते, दोघांनी दुसऱ्यांच्या कारखान्यात घाम गाळला, मग ही शेड भाड्यानं घेतली. तो वैजापूरकडचा मराठा, ती शहरातली मुसलमान, वर बाई. लोकांना जे बोलायचं ते त्यांनी बोलून घेतलं. लोकांच्या तोंडाला बसेल असं झाकण दोघांना अजून जमलेलं नाही.

दह्याच्या डब्याचं मात्र जमलं.

सुदर्शनच्या आईच्या, सरूबाईच्या बोटांत चिकुनगुन्यानं जीव ठेवला नव्हता. दह्याचा डबा घेऊन ती ओट्याशी बसायची. नखानं बघायची, दातानं बघायची, शेवटी सुरी खुपसायची आणि दही मांडीवर. "मेल्यांनो, खायला दिलंय का राखण ठेवायला दिलंय?" ती डब्याला विचारायची. डब्यांचे कारखाने असणाऱ्या कुणाच्याही आईनं असा डबा कधी उघडला नसावा.

मग दोघांनी पाच थरांची फिल्म काढली. खालचा थर डब्याच्या काठाला कायमचा चिकटतो, तो सुटतच नाही. सुटतो तो मधला. त्यात खडूची पूड घालून तो मुद्दाम अशक्त ठेवलेला. कोपरा धरून ओढलं की मधला पापुद्रा स्वतःच्याच अंगात दुभागतो आणि झाकण हातात येतं. डबा एसटीतून धक्के खात वैजापूरला गेला तरी उघडत नाही, आणि सरूबाईच्या दोन बोटांनी उघडतो. पहिल्यांदा उघडला तेव्हा ती दही खायचं विसरून झाकणाकडंच बघत बसली.

पेटंटचा अर्ज केला. आणि सुरू झालं ते या देशाचं लाडकं वाक्य. त्यात काय एवढं? हे तर कुणीही केलं असतं.

कुणीही केलं असतं! मग केलं का नाही? हे वाक्य म्हणणाऱ्यांच्या आया काय दही खात नव्हत्या? वस्तू नसते तेव्हा एकाला सुचत नाही, आणि झाली की सगळ्यांना आधीपासून माहीत असते. हा रोग आहे आणि त्यावर औषध नाही.

पेटंट ऑफिसच्या परीक्षकांचा आक्षेप आला तोही त्याच चालीचा, फक्त सभ्य भाषेत. जपानमधल्या एका जुन्या पेटंटच्या कागदात अशक्त थर आहे, जर्मनीतल्या एका कागदात खडूची पूड आहे. दोन्ही एकत्र केले की तुमची फिल्म होते. या कलेत निपुण असलेल्या व्यक्तीला ते सहज सुचलं असतं.

"ही व्यक्ती कोण?" सुदर्शननं विचारलं.

विश्वजीत हा त्यांचा पेटंटचा एजंट. तरुण, हुशार, क्रांती चौकात ऑफिस. तो हसला. "खरा माणूस नाही तो, सुदर्शनराव. कायद्यानं कल्पलेला. जगातले सगळे कागद त्यानं वाचलेले असतात, सगळ्या भाषांतले. फक्त त्याला नवीन काही सुचत नाही."

"ऐसे तो मेरे ससुराल में चार हैं," रईसा म्हणाली.

सुदर्शननं त्याचं नाव निपुणराव ठेवलं. नाव ठेवलं ती चूक झाली. नाव दिलं की माणूस येतो.

निपुणराव एका भर दुपारी आला. सुदर्शनला क्षणभर गुंगी लागली होती, डोळे उघडले तर तो प्लास्टिकच्या दाण्याच्या पोत्यावर बसलेला. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. चेहरा असा की बघताना दिसावा आणि मान वळवली की आठवू नये. इतक्या उकाड्यात घामाचा थेंब नाही. सुदर्शन घाबरला नाही. स्वप्नात कुणी घाबरत नाही, आणि हे जागेपणी पडलेलं होतं एवढाच फरक.

"जेवलात का?" त्यानं विचारलं. पाहुण्याला दुसरं काय विचारणार?

"जेवणाविषयी पुष्कळ वाचलंय," निपुणराव म्हणाला.

"भूक लागते?"

"तिच्याविषयीही वाचलंय."

"आई आहे?"

निपुणराव थोडा वेळ शोधत राहिला. "त्या बाबतीत कागद नाही," तो म्हणाला.

पुढं तो रोज येऊ लागला. फुगा चढला की यायचा, मशीन थांबलं की पोतं रिकामं. पुढ्यातला चहा तसाच गार व्हायचा. रईसाला तो दिसत नव्हता, पण सुदर्शन कुणाशी बोलतोय हे तिला कळायचं आणि ती त्याची थट्टाही करायची नाही. झाडू मारताना म्हणायची, "तुझ्या पाहुण्याला सांग, पाय वर घे."

एकदा सुदर्शननं त्याच्या हातात डबा दिला. निपुणरावानं कोपरा धरून झाकण ओढलं. ते इतक्या हळू सुटलं की शेडमधला आवाजही त्याबरोबर सुटून कुठंतरी गेला. काठावर पांढरी रेघ उरली.

"छान आहे," निपुणराव म्हणाला. "पण सोपं आहे."

"सोपं होतं तर तुम्ही का नाही केलं?"

"माझ्याकडं उत्तरं असतात, सुदर्शनराव. प्रश्न नसतो."

सुदर्शनला वाटलं, झालं, हेच तर पेटंट ऑफिसच्या सुनावणीत सांगायचंय.

सुनावणी लॅपटॉपवर झाली. केबिनचं दार लावलं तरी मशीनची घरघर आत येत होती. पडद्यावर अधिकारी मॅडम, एका चौकटीत विश्वजीत, एका चौकटीत हे दोघं. मॅडमनी सगळं नीट वाचलं होतं. मराठी बोलत होत्या, आवाज चढवत नव्हत्या. रागवावं असं त्यांच्यात काही सापडेना, आणि माणूस रागवायच्या तयारीनं गेला असेल तर याच्याइतका त्रास दुसरा नाही.

सुदर्शननं सरूबाईची बोटं सांगितली. जपानी कागद म्हणतो गार ठेवा, जर्मन कागद म्हणतो तापवा, दोन्ही वाचणारा माणूस दोन्ही बाजूला ठेवील, एकत्र करणार नाही, हे विश्वजीतनं सांगितलं. मॅडमनी ऐकलं. मग म्हणाल्या, "पटतंय. हे सहज सुचण्यासारखं नाही."

रईसानं टेबलाखाली सुदर्शनच्या पायावर पाय मारला.

"पण," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही प्रयोग एकच दाखवलाय. मधला थर आठ मायक्रॉन, पूड खडूची. आणि हक्क मागताय पाचपासून पंचवीसपर्यंत, पूड कुठलीही. बाकीचं चालतं हे मी कशावरून धरू?"

"मॅडम, आम्ही सगळे करून बघितलेत! सहा, दहा, बारा…"

"केले असतील. अर्जात नाहीत. आणि आता घालता येत नाहीत."

सुदर्शननं रईसाकडं पाहिलं, रईसानं टेबलाकडं.

आता हे सांगायलाच पाहिजे की अर्जात एकच प्रयोग का होता. विश्वजीतनं तेव्हा सगळे मागितले होते. रईसानं दिले नाहीत आणि सुदर्शननं तिच्या म्हणण्याला मान डोलावली. रईसाचे वालिद शफीक उस्ताद लग्नांतून नान-कलियाच्या मटणाची देग लावायचे. मसाला विचारला की सगळ्यांना सांगायचे, अगदी मोजून, एक जिन्नस सोडून. तो टाकताना पाठ फिरवायचे. पोरांनाही सांगितला नाही, आणि सोबत घेऊन गेले. आता त्या घरात कलिया होतो, पण तो कुणाचाही कलिया असतो. या शहरात हुन्नर असाच सांभाळतात. सांगितलं की गेलं. पेटंटवाल्यांचा धर्म नेमका उलटा. जेवढं सांगाल तेवढंच तुमचं. दोघांनी पाठ फिरवून मसाला टाकला आणि समोर कायदा बसला होता.

"आठ मायक्रॉन आणि खडू, एवढ्यापुरता दावा आखला तर मी मंजुरीचा विचार करीन," मॅडम म्हणाल्या. "बोलून घ्या तुम्ही."

विश्वजीतनं फोन लावला. "घ्या. आत्ता हो म्हणा. नाहीतर सगळंच जाईल."

"नक्को!" रईसा म्हणाली. "आठ म्हणजे काय? उद्या कुणी नऊ करेल आणि आपल्यासमोर विकेल. घर आपलं आणि आपल्याला उंबरा देतायत."

सुदर्शननं काचेतून बाहेर पाहिलं. निपुणराव पोत्यावर बसून वर बघत होता. त्याच्या मानेवर फुग्याचा हिरवा प्रकाश हलत होता. सुदर्शनला एकदम वाटलं, हा आपला वैरी नाही. आपले आकडे न देता याला आपणच उपाशी ठेवलंय.

"घेतो," तो म्हणाला.

रईसा उठून बाहेर गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी विश्वजीत स्वतः शेडवर आला. चेहरा पेढे आणलेल्या माणसाचा नव्हता. "एक सांगायचं राहिलं. मागं प्रदर्शनात एका मोठ्या कंपनीचा माणूस तुमच्याकडं आला होता ना?"

"दोन झाकणं खिशात घालून गेला," रईसा म्हणाली. "मागून तरी घ्यायची!"

"ते आता आठच्या खालचं आणि वरचं सगळं मागतील. तुम्ही मध्ये आठवर उभे, चारी बाजूंनी त्यांचं कुंपण. आणि ते काय दह्याच्या डब्याला लावणार नाहीत. महागड्या इंजेक्शनांना लावतील. दह्याला परवडू देणार नाहीत."

"मग आपण बाकीच्याचा नवीन अर्ज करू."

"तुमचा पहिला अर्ज छापून आलाय, सुदर्शनराव. तुमच्या निपुणरावानं तोही वाचलाय. आता तो तुम्हालाच म्हणेल, आठ माहीत आहे तर नऊ काय अवघड?"

"कंपनीलाही तेच म्हणेल की!"

"म्हणेल किंवा नाही म्हणणार. ते वकील लावून वर्षानुवर्षं भांडतील. तेवढ्यात तुमची शेड बंद पडेल." विश्वजीतनं खुर्ची पुढं ओढली. "उपाय एकच आहे. त्यांच्या अर्जाआधी तुमचे सगळे प्रयोग कुठंतरी उघड छापून आले, तर भांडायला काही उरत नाही. मग ते कुणाचंच नाही. त्यांचं नाही, आणि तुमचंही नाही."

तो गेला. जालना रोडवरचा गोंगाट लांबून येत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी फुगा चढला, निपुणराव येऊन बसला, आणि सुदर्शन लॅपटॉप मांडीवर घेऊन त्याच्या समोरच बसला. एका बोटानं टाइप करू लागला, आणि टाइप करता करता मोठ्यानं सांगू लागला. सहा मायक्रॉनला पूड किती. दहाला किती. हवा कधी कमी करायची. कुठला दाणा धूर करतो. निपुणराव पुढं झुकला होता. सगळं वाचलेल्या माणसाच्या तोंडावर पहिल्यांदाच काहीतरी उमटत होतं. तहान असेल. सुदर्शनला त्याचा चेहरा आता लक्षात राहणार होता, आणि प्रत्येक आकड्याबरोबर तो थोडा फिकट होत होता, मधून फुगा दिसू लागला होता.

"घर लुटवतोयस," मागून रईसा म्हणाली.

"व्हय."

"माझी पण मेहनत आहे त्यात. विचारलंस मला?"

"आत्ता विचारतो. छापायला पाठवू का नको?" त्यानं मान वळवली नाही. "रईसा, आईला झाकण कुणाचं आहे याचं काय पडलंय? उघडलं पाहिजे, बास. आठ आपलं राहील, त्यावर जगू. बाकीचं त्या चोरांच्या गळ्यात घालण्यापेक्षा गल्लीत टाकू. ज्याला करायचं तो करील."

"आणि कुणी आपल्यापेक्षा स्वस्त केलं तर?"

"तर आपण बोंबलू."

फुग्याचा डाग रईसाच्या ओढणीवरून सरकत गेला. मग तिनं पोत्यावर हात मारून धूळ झटकली आणि तिथं बसली. सुदर्शननं पाहिलं, तिथं आता तीच होती, दुसरं कुणी नव्हतं.

"बाराला काय लिहिलंस?"

"खडू. पण बाराला तो नीट सुटत नाही, फाटतो. तसंच लिहिलंय."

"बाराला खडू टाकायचाच नाही."

"मग?"

"रांगोळी. शिरगोळ्याच्या दगडाची. गुलमंडीच्या बाजारातून आणली होती मी. तिचे कण चपटे असतात, पापुद्र्यावर पापुद्रा. झाकण लोण्यासारखं येतं."

सुदर्शनचं बोट हवेतच राहिलं. "हे कधी केलंस?"

"दिवाळीत. तू वैजापूरला होतास."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुझ्या पोटात काय राहतं? चहावाल्याला पण सांगितलं असतंस." त्यानं खडू खोडून रांगोळी टाइप केलं, तशी तिनं लॅपटॉप आपल्याकडं ओढला, पडद्यावर वाचलं, तोंड वाकडं केलं. "ये क्या लिखा? रांगोळी आधी वाळवायची, हे कोण लिहिणार? ओली टाकली तर फुगा फुटतो. लोक करतील आणि आपल्याला शिव्या देतील. नीट लिही सगळं."

सुदर्शननं लॅपटॉप परत घेऊन लिहिलं, आधी वाळवून घ्यावी.

"किती वेळ?"

"तूच सांग," तो म्हणाला, आणि ती सांगू लागली.