न पेटणारा पिवळा दिवा

२०१० च्या नोव्हेंबरात, एका शनिवारी सकाळी, कर्वेनगरच्या गल्लीत आम्रपाली तायडेच्या गॅरेजसमोर एक काळी जर्मन गाडी येऊन थांबली. गाडी तेरा वर्षांची होती, पण अशी राखलेली की समोरच्या इस्त्रीवाल्याने हातातली इस्त्री उभी करून ठेवली आणि बघत राहिला. मागच्या दारातून कानाला फोन लावलेला चाळिशीचा गृहस्थ उतरला. गाडी चालवणारा साठी ओलांडलेला होता, अंगात पांढरा सफारी. उतरल्यावर त्याने दार लोटलं नाही, तळहाताने दाबून लावलं.

आम्रपालीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. एका मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं नोकरी करून तिने तीन वर्षांपूर्वी हे गॅरेज टाकलं होतं. गाडी आली की ती लगेच बॉनेट उघडत नसे. आधी माणसांना बोलू द्यायची. मालकाने सांगितलेलं दुखणं आणि ड्रायव्हरने सांगितलेलं दुखणं सहसा एक नसतं, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

“मी आनंद रानवडे,” फोन खिशात टाकत गृहस्थ म्हणाला. “गाडी वडिलांची. ते तीन वर्षांपूर्वी गेले. आता आईच वापरते. दोन तक्रारी आहेत. ब्रेकच्या एबीएसचा दिवा लागतो आणि जातो. आणि स्टिअरिंग वळवलं की कण्हल्यासारखा आवाज येतो. शोरूमवाले म्हणतात, सगळं स्टिअरिंगच बदला, नाहीतर गाडी काढून टाका. मला खरं काय ते लिहून द्या. काढायची तर काढून टाकू, आईला एखादी छोटी ऑटोमॅटिक घेऊ.”

“आवाज-बिवाज काय न्हाई, ताई,” ड्रायव्हर शांतपणे म्हणाला. “सायबांचा कान सदा फोनला. त्यांला काय बी ऐकू येतं.”

“हे कचरूकाका,” आनंद म्हणाला. “एकतीस वर्षं आमच्याकडे आहेत. यांना गाडीत कधीच काही खोट दिसत नाही.”

शनिवार असूनही आनंदला खराडीला ऑफिसात जायचं होतं. तो रिक्षाने गेला. कचरूकाका मात्र स्टूल ओढून तिथेच बसले. गाडी परक्या ठिकाणी एकटी सोडायची त्यांची रीत नव्हती.

आम्रपाली गाडीत बसली आणि इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवली. चावी फिरली की समोरचे सगळे इशारे देणारे दिवे क्षणभर पेटतात. ती त्यांची हजेरीच असते. ऑइलचा लागला, बॅटरीचा लागला, एबीएसचा लागला. इंजिनाचा पिवळा दिवा लागला नाही. तिने चावी काढून परत फिरवली. पुन्हा तेच. मग तिने लॅपटॉपची वायर गाडीला जोडली. एबीएसची खोड किरकोळ निघाली, पुढच्या डाव्या चाकाजवळच्या सेन्सरवर घाण बसली असावी. पण इंजिनाच्या खात्यात चार दोष नोंदलेले होते. इंजिन कुठूनतरी जादा हवा खात होतं आणि मधूनमधून एक सिलिंडर चुकत होता. एवढं होऊनही तो दिवा गप्प होता.

इंजिन चालू करून तिने स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं. तसा पुढून एक बारीक, ताणलेला, दात आंबवणारा आवाज निघाला. इस्त्रीवाल्याने मान वर केली. दुसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालणारी बाई कठड्यावरून वाकली. कचरूकाका दोन हातांच्या अंतरावर बसून बशीतल्या चहावर फुंकर मारत होते. तिने स्टिअरिंग उजवीकडे वळवलं. पुन्हा तसाच आवाज.

“आला का आवाज, काका?”

“कुठं काय?”

म्हातारा खोटं बोलतोय, असं तिला वाटलं. तिने बॉनेट उघडलं. स्टिअरिंगच्या डबीतलं तेल खुणेच्या बोटभर खाली होतं आणि त्यावर फेस आला होता. गाडीखाली सरकून टॉर्च मारला, तर एका जाड पाइपच्या जोडावर ओल दिसली.

“तेल गळतंय,” ती बाहेर येत म्हणाली. “कमी झालं म्हणून पंप हवा ओढतोय, त्याचा हा आवाज. पाइप बदलायचा, तेल नवीन घालायचं. बाकी स्टिअरिंग धडधाकट आहे. पण हे असंच राहिलं असतं, तर एखाद्या वळणावर स्टिअरिंग एकदम दगड झालं असतं.”

“परवाच आईसाहेबांना साताऱ्याला नेऊन आणलं.”

“घाटात जड नाही लागलं?”

कचरूकाकांनी बशी खाली ठेवली. “जरा लागलं. म्हटलं, हातांचं वय झालं.” मग त्यांना काहीतरी आठवलं. “खडखड मात्र हाय. डाव्या बाजूनं, खड्ड्यात गेली की. ती मी सांगणारच हुतो.”

आम्रपालीने तेल वरपर्यंत भरलं आणि त्यांना शेजारी बसवून गाडी गल्लीबाहेर काढली. पहिल्याच खड्ड्यात त्यांनी बोट वर केलं, “ही बघा.” तिला आधी काहीच ऐकू आलं नाही. तिसऱ्या खड्ड्याला आलं, तळातून, दबका ठोका. डाव्या चाकाजवळचा एक दांडा झिजला होता. म्हाताऱ्याचं अगदी बरोबर होतं. पण चौकात गाडी वळवली तेव्हा पंप पुन्हा किंचाळला, फेस अजून बसला नव्हता, आणि कचरूकाका काचेतून शांतपणे उसाचं गुऱ्हाळ बघत राहिले.

तेव्हा तिला तिचे वडील आठवले. वाशिमहून येऊन खडकीच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं मशीनवर काढली होती. शेवटी शेवटी त्यांना दारावरची बेल ऐकू येत नसे, पण कुणी दारावर थाप मारली की ते लगेच उठत. घरात सगळे म्हणत, सोयीचं तेवढं ऐकतात. खरी गोष्ट कळायला चार वर्षं गेली होती.

गॅरेजमध्ये परतल्यावर कचरूकाका पाठमोरे उभे असताना तिने मोबाइलचा गजर लावून त्यांच्या कानामागे धरला. बारीक टिकटिक चालूच राहिली. ते हलले नाहीत. तिने हळू आवाजात “काका” म्हटलं, तर लगेच वळले.

“काय?”

“काही नाही. बसा. आधी दिव्याचं बघू.”

तिने गाडीच्या काट्यांची अख्खी तबकडी बाहेर ओढली आणि उलटी करून बाकावर ठेवली. इंजिनाच्या दिव्याच्या भोकावर मागून काळी चिकटपट्टी लावलेली होती. नीट, चौकोनी कापून. तिने नखाने ती सोडवली आणि कचरूकाकांपुढे धरली.

त्यांनी ती ओळखली नाही असं दाखवलं नाही.

“मीच लावली,” ते म्हणाले. “भाऊसाहेबांचं, म्हंजी आनंदसायबांच्या वडिलांचं, डोकं शेवटची दोन वर्सं ठिकाणावर नव्हतं. हा दिवा लागला की वरडायचे, गाडी थांबव, आग लागली. एकदा भर कर्वे रस्त्यात दार उघडून उतरले. मागनं बस आलेली. त्या दिवशी घरी जाऊन दिवा झाकला. मग गप बसायला लागले. खिडकीतनं बघत बसायचे.”

“ते जाऊन तीन वर्षं झाली ना?”

“झाली.”

“मग पट्टी का नाही काढली?”

कचरूकाका म्हणाले, “काढली असती तर दिवा लागला असता. दिवा लागला की सायबांनी त्याच दिवशी गाडी इकली असती. छोट्या ऑटोमॅटिकला ड्रायव्हर कशाला लागतोय?”

पुढचं बोलायचं आम्रपालीच्या जिवावर आलं होतं, पण ते कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

“काका, स्टिअरिंगचा आवाज तुम्हाला खरंच ऐकू आला नाही. समोरच्या इस्त्रीवाल्याला आला. मोबाइलचा गजर कानाशी धरला, तोही नाही आला. जाड आवाज येतात तुम्हाला, बारीक येत नाहीत.”

“एकतीस वर्सं चालवतोय,” त्यांचा आवाज चढला. “एक खरचटा न्हाई गाडीला. कुणालाबी इचारा!”

“विचारायला कशाला पाहिजे, दिसतंय ना. पण मागून कुणी हॉर्न दिला तर?”

ते उत्तर द्यायला निघाले आणि थांबले. मग म्हणाले, “परवा नळस्टॉपला एक मोटरसायकलवाला घासून गेला. लय शिव्या घातल्या. मी आईसाहेबांना म्हटलं, लोकांना हॉर्न वाजवायचंबी कळंना झालंय.”

“त्याने वाजवला असेल.”

“वाजवला असंल,” कचरूकाका म्हणाले.

आम्रपालीने चहा परत मागवला. मग ती म्हणाली, “मी कागदावर गाडीचं लिहीन. दिव्यावर पट्टी होती, तेही लिहीन. कुणी लावली, ते मला कुणी विचारलेलं नाही. तुमचा कान गाडीच्या कागदात येत नाही. ते घरी तुम्ही सांगायचं. मंगळवारी गाडी न्यायला याल, तेव्हा सांगून या. त्याशिवाय मी चावी तुमच्या हातात देणार नाही.”

ते उठले. पहिल्यांदाच गाडी मागे ठेवून चालत गेले.

सोमवारी दिवसभर तिचं काम चाललं. गळका पाइप बदलला, चाकाजवळचा दांडा बदलला, सेन्सर पुसला. इंजिनाच्या मागे एक रबरी नळी तडकलेली सापडली. तिच्यावर स्प्रे मारला की इंजिनाचा सूर बदलायचा, म्हणजे जादा हवा तिथूनच शिरत होती. नळी बदलल्यावर जुने दोष पुसले आणि चावी फिरवली. पिवळा दिवा लागला, इंजिन चालू झाल्यावर विझला.

मंगळवारी रिक्षातून दोघं उतरली. कचरूकाका आणि सत्तरीच्या, फिक्या सुती साडीतल्या एक बाई.

“मी प्रेमला रानवडे,” बाई म्हणाल्या. “तुम्हीच का त्या? यांनी मला सगळं सांगितलं. पट्टीचंही आणि कानाचंही. पट्टीचं मला माहीत होतं.”

कचरूकाकांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

“पार्किंगमध्ये दोन तास डोकं आत खुपसून बसला होतात. मला काय वाटणार, झोपलात म्हणून?” मग त्या आम्रपालीकडे वळल्या. “कानाचं मात्र लक्षात आलं नाही. मला वाटलं, हे मुद्दाम ऐकत नाहीत. आमच्या घरात ती पद्धतच होती.”

त्यांनी तिथूनच आनंदला फोन लावला. “गाडी न्यायला ये. नाही, कचरू चालवणार नाहीत. मीटिंग संपव आणि ये. आम्ही बसलोय.”

आनंद दीड तासाने आला. त्याने उभ्या उभ्या आम्रपालीचा कागद वाचला आणि एका ओळीवर थांबला. “इंजिनाच्या दिव्यावर पट्टी? कुणी लावली?”

“बाबांसाठी लावलेली होती,” आई म्हणाली.

आनंदने कचरूकाकांकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. पुढे त्याने विचारलं नाही. कचरूकाकांनी चावी घेऊन ती त्याच्यापुढे धरली.

“तुमी चालवा. मी शेजारी बसतो.”

“मी ही कधी चालवलेली नाही, काका. बाबांनी हात लावू दिला नाही.”

“म्हाईत हाय. दमानं. लांब हाय गाडी, वळताना जादा जागा लागंल.”

प्रेमलाबाई मागे बसल्या. आनंदने तीन वेळा मागेपुढे करून गाडी गल्लीतून काढली. इस्त्रीवाला मध्ये येऊन हात दाखवत होता. वळताना स्टिअरिंग गप्प होतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण आनंदचं सगळं लक्ष शेजारच्या भिंतीकडे होतं.

गाडी त्या वर्षी तरी विकली गेली नाही. प्रेमलाबाईंनी कचरूकाकांना डेक्कनला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. बारीक आवाज बरेचसे कायमचे गेलेत, असं डॉक्टर म्हणाले, आणि एक यंत्र दिलं. यंत्र लावून गाडी चालवता येईल का, हे विचारायला प्रेमलाबाई तयार होत्या. कचरूकाकांनी विचारू दिलं नाही. पगार चालू राहिला. बँक, औषधं, भाजी ही कामं ते बसने करू लागले. रविवारी आनंद गाडी काढायचा, तेव्हा शेजारी बसायचे.

फेब्रुवारीत ते एकटेच गॅरेजमध्ये आले. गाडी नव्हती, सहज म्हणून आले होते. उजव्या कानामागे यंत्र होतं.

“कसं वाटतंय?” आम्रपालीने विचारलं.

“काय सांगू ताई. नुसता गोंधळ. आमच्या घरातला पंखाबी वाजतो, मला म्हाईतच नव्हतं. बायको म्हणती, पंधरा वर्सं सांगतेय, दुरुस्त करा.”

“मग केला का?”

“करायचाय,” ते म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले.