गोपाळरावांच्या उजव्या कानातला खडा

मी गोपाळरावांच्या उजव्या कानातला खडा बोलतोय. मळ नव्हे, खडा. चुन्याचा इतका बारीक कण की मोहरीच्या दाण्यात माझ्यासारखे हजारो मावतील.

गोपाळराव आईच्या पोटात होते तेव्हाच आम्ही जन्मलो. कानाच्या अगदी आत एका चिकट गादीवर बसायचं आणि वर कुठे, खाली कुठे ते मेंदूला सांगायचं, एवढंच आमचं काम. गोपाळराव बुटीबोरीच्या गिरणीत फिटर होते. शिड्या चढले, मशीनखाली शिरले. आम्ही कधी चुकलो नाही.

पण वयानुसार गादीचा चिकटपणा गेला. एकाहत्तराव्या वर्षी, एका सकाळी ते उजव्या कुशीवर वळले आणि मी चार भावंडांसह सुटलो, तो थेट शेजारच्या गोल नळीत. आत पाणी. इतकी वर्षं एका जागी बसलेल्याला घसरगुंडी मिळाली. मी कशाला सोडतो?

"कौसल्या, छत फिरून राहिलं वं," गोपाळराव पलंग धरून म्हणाले.

"छत कुठं फिरते? पडून राहा जराशे," बायको म्हणाली. पडलं की मी पुन्हा घसरायचो.

आता गंमत अशी की गोपाळराव सक्करदऱ्यातल्या आपल्या वस्तीत दारूबंदीची समिती चालवत. धम्मातलं पाचवं शील, म्हणजे नशा न करणं, ते अख्ख्या वस्तीला समजावत. तेच गृहस्थ सकाळी चपला घालायला वाकले आणि झोकांडी खाऊन फाटकाला बिलगले. समोर भैय्याजी उभे. त्यांना गोपाळरावांनी स्वतः पिणं सोडायला लावलं होतं.

"गोपाळराव, तुमी बी?" भैय्याजी हळूच म्हणाले.

मी खूप हसलो. दोन दिवसांत वस्तीत कुजबुज झाली. गोपाळरावांनी समितीचा राजीनामा लिहिला. कुणा डॉक्टरनं बीपी मोजलं, कुणी मानेला पट्टा बांधला. चक्करच्या गोळ्यांनी ते दिवसभर पेंगायचे आणि जास्तच डुलायचे. झोपायचीही भीती बसली. ते खुर्चीत बसून रात्र काढू लागले.

मग ते न्हाणीत पडले. मनगट मोडलं. "डोकं फुटलं असतं तं मी काय केलं असतं?" एवढंच कौसल्याबाई म्हणाल्या आणि कितीतरी वेळ त्यांचा हात धरून बसल्या. तेव्हा माझं हसू थांबलं.

रामदासपेठेतल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी गोपाळरावांची मान उजवीकडे वळवून त्यांना झटकन आडवं केलं. मी घसरलो, त्यांचे डोळे भिरभिरले.

"काका, डोळे उघडेच ठेवा. आतला खडा जागा सोडून गेलाय. परत पाठवू."

"गोळी नाही?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"नाही. फक्त मान वळवायची."

जरा थांबून मान डावीकडे, थांबून पूर्ण कुशीवर, मग उठवून बसवलं. प्रत्येक वळणावर मी पुढे गडगडत गेलो आणि शेवटी भावंडांसह धप्पकन जुन्या घरात. पाच मिनिटंही लागली नाहीत.

रविवारी गोपाळराव हाताला प्लास्टर घालून समितीसमोर उभे राहिले. "मी पेलो नव्हतो. कानातला खडा सरकला होता," म्हणाले. लोक हसले. भैय्याजींनी मात्र राजीनाम्याचा कागद फाडला आणि विचारलं, "आमच्या मायले बी असंच होते गा. तो दवाखाना कुठं हाय?"

सध्या मी शहाण्यासारखा बसलोय. पुन्हा सुटणार नाही, अशी खात्री डॉक्टरीणबाईंनीही दिलेली नाही. माझे नातलग तुमच्याही कानात आहेत. उद्या अंथरुणातून जरा सावकाश उठा.