कॉफीच्या गाळाखाली

स्तामेनानं चमच्याच्या पाठीनं गोळी चुरडली आणि पूड नवऱ्याच्या कपात सोडली. वर उकळती कॉफी ओतली. गाळ इतका जाड, की खाली काय बसलंय ते कळत नाही. तीन आठवडे कुणाला कळलं नव्हतं.

ओसरीवर रादोय्को थेंब मोजत होता. काटेरी ग्लोगच्या झाडाची लाल फळं घरच्या दारूत मुरवून त्यानं स्वतः काढलेला अर्क. वयाच्या वर्षाला एक, असे एकाहत्तर थेंब. डॉक्टरांच्या गोळ्यांकडे तो ढुंकूनही बघत नसे.

दवाखान्यातल्या नर्सनं स्तामेनाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "त्या अर्कानं नसा सैल पडतात, खोटं नाही. पण यांचं प्रेशर तेवढ्यानं ऐकायचं नाही."

तेव्हापासून तिच्या जिवाला घोर. गोळी दिली नाही तर भीती, आणि गोळी-थेंब दोन्ही मिळून प्रेशर फार उतरलं तर, ही वेगळीच भीती. हल्ली बाकावरून उठताना तो खांब धरायचा, की ही हातातलं काम टाकून दारात यायची.

ती कप घेऊन बाहेर आली, तर मिलिसाव येताना दिसला. त्यांच्या लग्नातला साक्षीदार, म्हणजे घरचा कूम, सख्ख्या भावाहून जवळचा. चेहरा लालबुंद. फाटकापासून ओसरीपर्यंत तो दोनदा थांबला.

"तुझ्या नवऱ्याचे थेंब म्हणजे कमाल आहे," तो धापा टाकत म्हणाला. "याचं प्रेशर पोरासारखं झालं. मग मीही परवा माझ्या गोळ्या चुलीत घातल्या. ह्याला दिल्यात त्याच होत्या, एकाच डॉक्टरच्या."

"सांगत होतो ना," रादोय्को म्हणाला, पण त्यानं मान वर केली नाही.

"डोकं तेवढं ठणकतंय सकाळपासून."

स्तामेना आत गेली. आता मात्र ती खरीच घाबरली होती. खरं सांगितलं तर नवरा साऱ्या गावात तोंडघशी पडणार, न सांगितलं तर कूमच्या जिवावर बेतणार. तिनं पाकिटातून आणखी एक गोळी काढली. ही तिनं चुरडली नाही. बशीत तशीच आणून मिलिसावसमोर ठेवली.

रादोय्कोनं बशीकडे पाहिलं, मग आपल्या कपात.

"याची नाही कुटलीस?" तो हळूच म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. कडू लागते."

मिलिसाव दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. रादोय्कोनं बशी त्याच्यापुढे सरकवली.

"घे, कूम. मग दवाखान्यात जाऊ."

आणि पाणी आणायला तो स्वतः उठला, खांबाला धरून.