दहा मिनिटांचा थांबा

मित्रांनो, मी पंपघरातला एक जुना प्रोग्राम आहे. मला हातपाय नाहीत. तरीही चौतीस वर्षे टेकडीवरच्या टाकीत माझ्या हुकुमावाचून पाण्याचा थेंब चढला नाही. मला लिहिणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. माझी भाषा केवळ पंप आणि झडपा चालवण्यासाठी घडवलेली. ती जाणणारे तेव्हा सहा जण होते.

ताईंची एक रीत होती. प्रत्येक आज्ञेखाली त्या तिचे कारण साध्या शब्दांत लिहून ठेवीत.

पुढे सहांचे तीन झाले, तिघांमधून एकट्या ताई उरल्या. निवृत्तीच्या वर्षी त्यांनी फळ्यापुढे पाच खुर्च्या मांडल्या आणि शिकायला या, असे सर्वांना सांगितले.

"ताई, ही भाषा शिकून नोकरी कुठे मिळणार? याच पंपघरात ना?" पंपचालक हसत म्हणाला.

"याच. पण पाणीही इथूनच जातं, बाबा."

पाचही खुर्च्या रिकाम्या राहिल्या. ताई निवृत्त झाल्यावर मला नव्या यंत्रात हलवताना पंपघराच्या साहेबांनी ती सारी कारणे पुसून टाकली. "हे पुराण कशाला? यंत्र थोडंच वाचतं?" त्यांचे खरे होते. ती कारणे माझ्यासाठी नव्हतीच.

माझी भाषा येणारा माणूस वर्षभर शोधूनही मिळाला नाही. अखेर नेमलेला अभियंता हुशार होता, पण मला अडखळत वाचत असे. पहिला पंप सुरू झाल्यावर दुसरा सुरू करण्याआधीचा दहा मिनिटांचा थांबा त्याला खटकला. "नुसतं बसून राहायचं? ही कसली आळशी चाल!" त्याने तो काढला. तिसऱ्या सकाळी टेकडीखाली नळवाहिनी फुटली आणि वरचे प्रसूतिगृह दोन दिवस कोरडे पडले.

कारण कोणालाच उमगेना. अभियंत्याने ताईंच्या घरी फोन लावला. "आईला आता फारसं आठवत नाही," मुलगी म्हणाली. तरी तिने फोन आईच्या कानाशी धरला. अभियंता मला ओळीओळीने वाचू लागला. पहिल्या पंपाची ओळ येताच ताईंनी त्याला अडवले.

"इथे दहा मिनिटं थांबायचं. टेकडीची नळवाहिनी जुनी आहे, एकदम दाब सोसत नाही तिला. खाली लिहिलंय की मी. वाच ना."

अभियंत्याने खाली पाहिले. तिथे काही नव्हते.

"वाचलंस?" ताईंनी विचारले.

"हो, ताई," तो म्हणाला.

थांबा परत आला. ताई त्याच महिन्यात गेल्या. आता माझ्या शेकडो ओळी आहेत, पण त्यांची कारणे कोणापाशी नाहीत. मित्रांनो, कोणी जाणता फळ्यापुढे खुर्च्या मांडील, तेव्हा त्यांतल्या एकीवर तरी जाऊन बसा.