दुतोंड्याचे नऊ मायक्रॉन

मित्रांनो, मी एक जुना गेज आहे. मला मोजपट्टीचा भाऊ समजू नका. मी काही मोजत नाही. मी फक्त हो किंवा नाही म्हणतो. माझ्या पोलादी दांड्याच्या एका टोकाला वीस मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत दंडगोल आहे आणि दुसऱ्या टोकाला त्याहून किंचित जाड. एखाद्या भोकात माझे पहिले टोक गेले आणि दुसरे अडले, तर भोक बरोबर. पहिलेच अडले तर भोक लहान. ते पुन्हा कातता येते. दुसरेही आत गेले तर भोक मोठे, आणि तो भाग भंगारात.

कार्यशाळेतली मुले मला ‘दुतोंड्या’ म्हणत. मला त्याचा राग येत नसे. माझी दोन तोंडे दोन वेगळ्या गोष्टी सांगत आणि दोन्ही खऱ्या असत. ‘असत’ असेच म्हणावे लागते, कारण पुढे तसे राहिले नाही.

मला लाल होईपर्यंत तापवून तेलात बुडवले, दगडावर घासले आणि शेवटी बारीक पेस्ट लावून दोन दिवस चोळले. मला घडवणाऱ्या कारागिराने शेवटच्या दिवशी मला उघड्या हाताने धरले नाही. हाताच्या उबेनेसुद्धा पोलाद फुगते, हे त्याला ठाऊक होते. फुगणे किती थोडे आणि किती भयंकर असू शकते, हे मला मात्र फार उशिरा कळले.

मी ज्या भागात आलो तिथे तेव्हा एक भागीदारी नुकतीच सुरू झाली होती. एक शाळा, एक प्रशिक्षण केंद्र, एक विद्यापीठ आणि लिफ्ट बनवणारा एक कारखाना. शाळेतल्या मोठ्या मुलांनी दर गुरुवारी केंद्रात येऊन हत्यारे हाताळायची. केंद्रातल्या मुलांनी कारखान्यासाठी खरेखुरे भाग बनवायचे. विद्यापीठाने सगळ्यांची मोजमापाची साधने दरवर्षी तपासायची आणि कारखान्याने शिकून तयार झालेल्या मुलांना कामावर घ्यायचे. कल्पना चांगली होती. तिच्यामुळे कितीतरी मुले मार्गी लागली.

केंद्रात मला सांभाळत त्या कार्यशाळेच्या बाई. उंच, कमी बोलणाऱ्या, बोटांना कायम तेलाचा वास. माझे काम पितळी बुश तपासण्याचे. बुश म्हणजे जाड बांगडीसारखी नळी. लिफ्टच्या ब्रेकला दोन हात असतात. ते या बुशमधल्या पिनेवर फिरतात आणि लिफ्ट थांबली की स्प्रिंगच्या जोराने चाकाला घट्ट मिठी मारतात. भोक तंग झाले तर हात हलत नाहीत. हात हलले नाहीत तर मिठी बसत नाही.

“दुतोंड्याला ढकलायचं नाही,” बाई दर गुरुवारी सांगत. “त्याच्या वजनाने जाईल तेवढाच जाऊ द्यायचा.”

“बाई, थोडासाच अडतोय,” एखादा म्हणे.

“थोडासाच मेलाय असं असतं का रे? मग थोडासाच अडलाय असंही नसतं. कात पुन्हा.”

मुले हसत. मीही मनातल्या मनात हसत असे. तेव्हा माझी खूप तारीफ होई. पाहुणे आले की बाई मला पेटीतून काढून दाखवत आणि म्हणत, “या कार्यशाळेत शेवटचा शब्द याचा.”

पण मित्रांनो, दिवसाला तीस-चाळीस भोके. प्रत्येक भोकातून बाहेर पडताना माझा इतका सूक्ष्म अंश आत राहत होता की तो कोणत्याच डोळ्याला दिसला नसता. माझे अडणारे टोक क्वचितच कुठे शिरे, म्हणून ते शाबूत राहिले. जाणारे टोक मात्र झिजत गेले. आणि बारीक झालेला गेज उदार होतो. ज्या भोकांना मी पूर्वी नाही म्हणालो असतो, त्यांनाही मी हो म्हणू लागलो. मला ते कळत होते. पण हो आणि नाही याखेरीज तिसरा शब्द मला कोणी दिलाच नव्हता.

माझी वार्षिक तपासणी होत नव्हती का? होत होती. कागदावर. दरवर्षी एक पिवळा फॉर्म निघे आणि त्यावर चौघांच्या सह्या लागत. पहिली काही वर्षे विद्यापीठाच्या थंड खोलीत मला खरोखर मोजले गेले. मग साधने वाढली आणि माणसे कमी झाली. तिथल्या सहायकाला वाटे, आधीच्या तीन सह्या आहेत, म्हणजे कोणीतरी नीट पाहिलेच असेल. मी पेटीत जाई, पेटीतच राही आणि पेटीतच परत येई. झाकणावर नवे स्टिकर असे. ते पाहून बाई निश्चिंत होत. बाईंच्या पेटीवरचे तेच स्टिकर पाहून कारखान्याने आलेले बुश पुन्हा तपासणे सोडून दिले. सगळे एकमेकांवर विश्वास ठेवत होते. अशी पाच वर्षे गेली.

पाचव्या वर्षी भागीदारीने ठरवले की शाळेत लिफ्ट बसवायची, आणि ती आपल्याच मुलांच्या हातची. हे ठरले ते बाईंच्या थोरल्या बहिणीमुळे. ताई त्या शाळेत विज्ञान शिकवत. लहानपणच्या आजाराने त्यांचे पाय गेले होते, त्या चाकाच्या खुर्चीवर असत. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर. अकरा वर्षे ताई तळमजल्याच्या व्हरांड्यात बादलीभर पाणी आणि मेणबत्ती घेऊन प्रयोग शिकवत होत्या. स्वतःची प्रयोगशाळा त्यांनी फक्त फोटोत पाहिली होती.

लिफ्टचे काम सुरू असताना एकदा त्या केंद्रात आल्या. मला हातात घेऊन म्हणाल्या, “धाकटे, माझा जीव या दुतोंड्याच्या हातात का?”

“माझ्या पोरांच्या हातात.”

“अगं बाई! मग मृत्युपत्र करून ठेवते. माझ्या दुर्बिणीवर डोळा ठेवू नकोस, ती मी शाळेला देणार.”

दोघी हसल्या. त्या हसत असताना मी ताईंच्या तळव्यात गरम होत होतो.

लिफ्टचे उद्घाटन सोमवारी होते. त्याआधीच्या शुक्रवारी सकाळी बाई एका जादा बुशमध्ये पिन घालून ठेवत होत्या. पिन अर्ध्यात अडकली. त्यांनी ती काढून मोजली; पिन बरोबर होती. मग त्यांनी मला त्याच भोकात सोडले. मी सुळकन गेलो. मी म्हणालो, हो.

बाईंनी मला बाहेर काढले, पुसले, पुन्हा सोडले. मग बराच वेळ त्या पेटीवरच्या स्टिकरकडे पाहत राहिल्या. त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. मला पर्समध्ये टाकले आणि बस पकडून विद्यापीठ गाठले.

थंड खोलीतल्या सहायकाने मला यंत्राखाली ठेवले. काटा हलला. त्याने पुन्हा मोजले, मग तिसऱ्यांदा.

“नऊ मायक्रॉन कमी,” तो हळूच म्हणाला.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमच्या डोक्यावरचा एक केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो.

“याआधी कधी मोजला होता?” बाईंनी विचारले.

सहायक खाली बघू लागला. “बाई, फॉर्मवर तुमचीच सही होती. मला वाटलं...”

“आणि तुमच्या स्टिकरवरून मला वाटलं.”

जरा थांबून तो म्हणाला, “तुमची चौदा पोरं सोमवारीच कारखान्यात रुजू होणार ना? आज हे लिहिलं तर सगळंच थांबेल. मंगळवारी आणा हा गेज. मी आज काही पाहिलंच नाही.”

मित्रांनो, बाईंनी मला यंत्राखालून उचलून हातात घेतले. त्या चौदा जणांना त्यांनी कानस धरण्यापासून शिकवले होते. ते सगळे बुश त्यांनीच पास केले होते. किती वेळ गेला कोण जाणे. त्या खोलीत घड्याळाचा काटाही थंडीने आखडल्यासारखा चालत होता.

“आजचीच तारीख घाला,” बाई म्हणाल्या. “आणि फोन द्या जरा.”

शाळेत फोन कोणी उचलला नाही. बाई रिक्षाने निघाल्या. दुपारचे ऊन रणरणत होते आणि पर्समध्ये मी तापत होतो.

आम्ही पोहोचलो तेव्हा ताईंची खुर्ची लिफ्टच्या आत होती. कारखान्याचे मेकॅनिककाका बटणाजवळ उभे होते.

“आलीस का! आधी एक फेरी मारून घेते म्हटलं. सोमवारी भाषणांत कुठे वेळ मिळणार?”

“ताई, बाहेर ये.”

“अकरा वर्षं थांबलेय मी. आता तू अडवतेस?”

बाईंनी मला पुढे धरले. “हा झिजलाय. मी पास केलेले बुश तंग आहेत.”

“कितीने?”

“नऊ मायक्रॉन.”

“एवढ्याशासाठी?” ताईंचा आवाज चढला. मेकॅनिककाका म्हणाले, “मॅडम, सकाळपासून दहा वेळा चालवली, लोण्यासारखी चालतेय.”

ताई काही बोलणार होत्या, पण थांबल्या. त्यांनी छताकडे, जिथे ब्रेक होता तिकडे पाहिले. मग अगदी वेगळ्या आवाजात, वर्गात विचारतात तसे त्यांनी विचारले, “आणि तापल्यावर?”

पितळ तापले की पोलादापेक्षा जास्त फुगते. ते बाहेरून लोखंडाने आवळलेले असेल तर आतल्या बाजूला फुगते, आणि भोक आणखी लहान होते. ताई हे अकरा वर्षे व्हरांड्यात शिकवत होत्या.

त्यांनी स्वतःच चाके मागे फिरवली. बाहेर येऊन म्हणाल्या, “काका, आत वाळूची पोती ठेवा. माझ्या आणि खुर्चीच्या वजनाची. मी वजन कमी सांगत नाही, घाबरू नका. आणि न थांबता चालवा.”

चाळीस फेऱ्या झाल्या. काका घाम पुसत म्हणाले, “बघा, काही नाही.” एकेचाळिसाव्या फेरीत लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. दार उघडले. पोती दिसत होती. आणि मग, दार उघडे असतानाच, पोती खाली जाऊ लागली. आधी सावकाश. मग सावकाश नाही. दोन हात खाली घसरल्यावर ब्रेकने एकदम पकडले आणि सगळी इमारत हादरली. खुर्ची उंबऱ्यावर, अर्धी आत आणि अर्धी बाहेर असण्याची ती वेळ होती. तिघांनाही ते दिसले.

सोमवारी उद्घाटन झाले नाही. समितीपुढे बाईंनी पिवळा फॉर्म ठेवला आणि स्वतःच्या सहीवर बोट ठेवले. चौदा मुलांची नेमणूक रखडली. त्यांतली एक मुलगी बाईंना तोंडावर म्हणाली, “गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?” बाईंनी तिला वाळूची पोती ठेवलेली ती लिफ्ट दाखवली. ती मुलगी परत कधी भेटायला आली नाही.

शाळेच्या लिफ्टचे बुश बदलले. दोन महिन्यांनी ताई तिसऱ्या मजल्यावर पोहोचल्या. माझ्या कमरेला आता लाल रंगाचा पट्टा आहे. ‘वापरू नये’ असा त्याचा अर्थ. मी ताईंच्या टेबलाच्या खणात असतो.

पण पाच वर्षांत मी हो म्हटलेले बुश दूरदूर गेले होते. कारखान्याने याद्या काढल्या, लिफ्ट उघडल्या, बुश बदलले. एकतीस लिफ्ट सापडल्या नाहीत. कोणी विकल्या, कोणी दुसरीकडे हलवल्या. दर गुरुवारी ताई मुलांना घेऊन त्यांच्या शोधासाठी जुन्या-नव्या मालकांना पत्रे लिहितात. मागच्या आठवड्यात त्यांतल्या एका लिफ्टच्या मालकाचे उत्तर आले. ताईंनी ते मोठ्याने वाचले: “आमची लिफ्ट उत्तम चालते. तपासणीची गरज वाटत नाही.”

ताईंनी दुसरा कागद ओढला आणि पुन्हा तोच पत्ता लिहायला सुरुवात केली.

मित्रांनो, हत्यारे पुसून ठेवा, तेल लावा, ते तर कराच. पण जो इतरांना बरोबर-चूक ठरवतो, त्यालाही अधूनमधून मोजत जा, आणि स्वतःच्या डोळ्यांनी मोजा. मी खोटे बोललो तेव्हा माझे स्वतःचे माप मला कोणी विचारलेच नव्हते. बाहेर आता दुपार होत आली आहे, ऊन तापते आहे, आणि कुठेतरी तीस लिफ्ट आपल्या एकेचाळिसाव्या फेरीकडे निघाल्या आहेत. उत्तर आलेल्या एकतिसावीचा पत्ता ताई आजही पुन्हा लिहीत आहेत.