कडेने सरकलेली चांदी

संगमनेरच्या कॉलेजात वृषालीचं पीएच.डी.चं पाचवं वर्ष चालू होतं. काम घन बॅटरीवर, म्हणजे आत द्रव नसलेल्या बॅटरीवर. बटणाएवढी सिरॅमिकची चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंना चांदीच्या पेस्टचा लेप, तेच इलेक्ट्रोड. या चकतीतून आयन फार सहज वाहतात, असा तिचा पेपर छापून आला होता. प्रबंध पुढच्या महिन्यात द्यायचा होता.

प्रबंधात एक फोटो कमी पडत होता म्हणून तिने पेपरासाठी मोजलेल्या चार चकत्यांपैकी एक मायक्रोस्कोपखाली उभी धरली. कडेवर केसासारख्या चंदेरी रेषा दिसल्या. तापवलेल्या चकतीला व्होल्टेज देता देता एका लेपातली चांदी कडेने सरकत दुसऱ्या लेपाला जाऊन भिडली होती. तिने पॉलिश पेपरने कड घासली आणि पुन्हा मोजलं. रोध शंभरपट वाढला. उरलेल्या तिन्ही चकत्यांचं तेच. वीज सिरॅमिकमधून नाही, चांदीतून जात होती.

तिचे गाइड रामहरी सर यांनी आकडे पाहिले आणि केबिनचं दार लावून घेतलं.

"कुणाला सांगितलंस?"

"नाही सर."

"मग सांगूही नकोस. परीक्षक चकती घासून बघत नाहीत. तुझी फेलोशिप संपली, माझं प्रमोशन त्या पेपरवर आहे. आता मागे फिरायला जागा नाही."

संध्याकाळी केडगावहून वडिलांचा फोन आला. ते रिक्षा चालवायचे. "आगं, स्टँडवर समद्यांना सांगून ठिवलंय, लेक दिवाळीला डॉक्टर हुनार. हुतंय ना?"

"होतंय, अप्पा," ती म्हणाली.

आठ दिवस ती लॅबमध्ये येऊन नुसती बसली. प्रबंध दिला तर कुणीतरी, कधीतरी कड घासणार. नाही दिला तर पाच वर्षं वाया. नवव्या दिवशी तिने पेपर मागे घेण्याचं पत्र लिहून सरांपुढे ठेवलं. सरांनी सही केली नाही. तिने ते एकटीच्या नावाने जर्नलला पाठवलं.

पेपर मागे घेतला गेला, त्यावरचा प्रबंधही राहिला. सरांनी तिला सोडलं नाही, सोडायचं तर कारण लिहावं लागलं असतं. पण बोलणं टाकलं.

"म्हंजी आजून दोन वर्सं?" अप्पांनी विचारलं.

"हो."

त्यांनी रिक्षा बाजूला घेऊन बंद केल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "जेवलीस का?"

आता ती सकाळी तासिका तत्त्वावर शिकवते आणि दुपारी त्याच लॅबमध्ये, न बोलणाऱ्या माणसासमोर, नव्या चकत्यांवर चांदीसारखा न सरकणारा सोन्याचा लेप देते.